पूर्वेच्या भिंतीवरचा वेलगुलाब : कामाच्या नोंदी

२५ सप्टेंबर २०२१

भिंत ठरली. घराची पूर्वेकडची, ४ मीटर रुंद, अडीच मीटर उंच, मध्ये खिडकी नाही. आठवडाभर ऊन-सावली टिपत होते. सकाळी ७ ला ऊन पोचतं, १ वाजता भिंत सोडतं. सहा तास झाले. गुलाबाला याहून कमी ऊन पुरत नाही; झाड जगतं, पण नुसत्या पानांवर.

पश्चिमेच्या भिंतीवरही तेवढंच ऊन आहे, तरी मी पूर्वेची निवडली. गुलाबाच्या काळ्या ठिपक्यांच्या रोगाला पान सलग सातेक तास ओलं मिळालं की त्याचे बीजाणू रुजतात. सकाळचं ऊन पानांवरचं दव लवकर पुसून टाकतं. औषधाची बाटली विकत आणण्याआधी करायचं काम हेच.

३ ऑक्टोबर २०२१

आधी तारा, मग झाड. उलट केलं तर काट्यांत हात घालून भिंतीला भोकं पाडावी लागतात.

वेलगुलाब म्हणतो खरं, पण हा वेल नव्हे. त्याला काकडीसारखे ताणे नाहीत, मनीप्लांटसारखी हवेतली मुळं नाहीत, गोकर्णासारखा तो आधाराभोवती पीळही घेत नाही. लांब, लवचीक फांद्या टाकतो आणि काट्यांनी शेजारच्या झुडपात अडकून वर जातो, इतकंच. भिंतीवर अडकायला काही नसतं. म्हणजे त्याला चढवायचं काम पूर्णपणे माझं.

पाच आडव्या तारा ओढल्या. पहिली जमिनीपासून ४५ सेंमीवर, पुढच्या प्रत्येकी ४० सेंमी अंतराने. तार २ मिमीची, गंज न लागणारी. हुक लांब दांड्याचे घेतले, म्हणजे तार भिंतीपासून ८ सेंमी बाहेर राहते आणि फांद्यांमागून वारा खेळतो. एका टोकाला टर्नबकल, म्हणजे तार ताणायचा पेच, लावून तार ताठ केली. बोटाने छेडल्यावर वाजली पाहिजे. पानाफुलांनी लगडलेल्या ओल्या फांद्यांचं वजन बरंच होतं.

९ ऑक्टोबर २०२१

वाण : क्लाइंबिंग आइसबर्ग. पांढरा, झुपक्यांनी फुलणारा, काटे बेताचे.

मूळ आइसबर्ग हे झुडूप. जर्मनीतल्या कोर्डेस या गुलाबाचे नवे वाण घडवणाऱ्यांनी ते १९५८ मध्ये आणलं आणि १९८३ मध्ये जागतिक गुलाब महासंघाने त्याला आपल्या मानाच्या यादीत घेतलं. चढणारा प्रकार कुणी संकर करून घडवलेला नाही. झुडपाच्या एका डोळ्यात, म्हणजे फांदी जिथून फुटते त्या कळीत, आपोआप बदल झाला, फांदी लांबच लांब वाढत गेली, आणि त्या फांदीवरून कलमं केली गेली. १९६८ पासून हा प्रकार बागांमध्ये आहे. अशा बदलाला बागकामात ‘स्पोर्ट’ म्हणतात. बरेच वेलगुलाब असेच झालेले आहेत. ‘न्यू डॉन’सुद्धा. तो १९३० चा, एकदाच फुलणाऱ्या एका वेलगुलाबाच्या पुन्हा पुन्हा फुलणाऱ्या फांदीतून आलेला; १९३१ मध्ये अमेरिकेत वनस्पतीसाठी दिलेलं पहिलं पेटंट त्याचंच.

हा इतिहास मी हौसेने वाचला, पण त्यातून कामाची एक गोष्ट हाती लागली. स्पोर्ट असलेला वेलगुलाब लहानपणीच जोरात छाटला तर तो परत झुडपाच्या वळणावर जाऊ शकतो. म्हणून पहिली दोन वर्षं वाळकी काडी सोडून कशालाही सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, लावायचा नाही.

१६ ऑक्टोबर २०२१

लावणी झाली. अख्खी सकाळ गेली.

खड्डा भिंतीपासून ४५ सेंमी दूर, ६० सेंमी लांब-रुंद-खोल. भिंतीला लागून लावायचा मोह होतो, पण तिथली माती पावसाळ्यातही कोरडी राहते. वरचा सज्जा पाणी अडवतो आणि भिंत उरलेलं शोषते. दुसरं कारण कुदळ मारल्यावर दिसलं. पायाशी प्लॅस्टरचे तुकडे, सिमेंटचे गोळे, चुन्याची पांढरी भुकटी. बांधकामाचा राडारोडा तिथेच पुरलेला. अशा मातीत अल्कता वाढते, गुलाबाला लोह घेता येत नाही, पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. गुलाबाला सामू ६ ते ६.५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल माती मानवते. तीन घमेली राडा उचलून फेकला. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून पाहिलं, तासाभरात जिरलं. निचरा ठीक आहे.

भरणीला बागेतली चांगली माती तीन भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत एक भाग, दोन मुठी हाडांचा चुरा आणि एक मूठ निंबोळी पेंड. शेणखत हातात घेऊन वास घेतला. पावसानंतरच्या मातीसारखा वास आला तरच ते तयार. उग्र वास येत असेल तर मुळं भाजतात.

पिशवी ब्लेडने उभी चिरली, मातीचा गोळा फुटू दिला नाही. रोप भिंतीकडे कलतं ठेवलं, मुळं भिंतीपासून लांब पसरतील अशी. डोळा भरलेला जोड, म्हणजे खोडाच्या तळाशी असलेली ती गाठ, जमिनीच्या ३ सेंमी वर ठेवली. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते तिथे हाच जोड चार-पाच सेंमी खाली पुरतात, थंडीपासून जपायला. उबदार हवेत तो पुरला तर कुजायची भीती.

आळं केलं, १५ लिटर पाणी दिलं. आई चहाचा कप घेऊन उभी होती. म्हणाली, “आता रोज येऊन उकरून बघू नकोस.”

२ नोव्हेंबर २०२१

तीन डोळे फुटले. कोंब तांबूस, ओलसर चमकणारे.

११ जानेवारी २०२२

पहिलं फूल. पांढऱ्या वाणाच्या पाकळ्यांवर गुलाबी शिंतोडे पाहून आधी रोग वाटला. पाकळी उन्हाला धरून बघितली : डाग उठलेले नव्हते, कडेला कुजलेपणा नव्हता, रंग पाकळीच्या आतच विरघळलेला होता. थंडीत आइसबर्गच्या पाकळ्यांवर अशी छटा येते. उन्हाळ्यात हेच फूल स्वच्छ पांढरं येणार.

सगळी मिळून सात फुलं. पहिल्या वर्षी एवढी पुष्कळ. झाडाचं सगळं लक्ष मुळांकडे असतं.

६ एप्रिल २०२२

खालची पानं धूळ बसल्यासारखी फिकी. पुसली तरी जात नाहीत. पांढऱ्या कागदावर पान झटकलं आणि कागदाकडे बघत राहिले. सुईच्या टोकाएवढे चार-पाच ठिपके चालायला लागले. लाल कोळी. हा कीटक नाही, आठ पायांचा प्राणी आहे, कोष्ट्यांचा भाऊबंद. त्यामुळे मिळेल ते कीटकनाशक मारून उपयोग तर होत नाहीच, उलट कोळ्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि आठवड्यात तो दुप्पट होऊन येतो.

त्याला कोरडी, गरम हवा आवडते. एक दिवसाआड, पहाटे, पानांच्या पाठीवर नळीने पाण्याचा जोरदार फवारा. दोन आठवडे. पान दिवसभरात पूर्ण वाळतं, म्हणून बुरशीची काळजी नाही.

(२१ एप्रिल : नवी पानं स्वच्छ.)

२० जून २०२२

पाऊस लागला आणि झाड जागं झालं. ऑक्टोबरपासून वाढलेल्या दोन फांद्या आता १ मीटर ७० सेंमी. त्यांना डावी आणि मधली अशी नावं दिली आहेत. बुंध्यातून तिसरी निघाली आहे, अंगठ्याएवढी जाड, जांभळट. ती उजवी. शिवाय एक हातभर बाजूला मातीतूनच वर आलेली चौथी, सगळ्यांत जोमदार.

चारही तारांना बांधल्या. सुतळीचा आठाच्या आकड्यासारखा फास घेते : एक वेढा तारेला, एक फांदीला, मध्ये फुली. फांदी तारेवर घासत नाही, आणि जाड झाली तरी गळा आवळला जात नाही. फासात करंगळी शिरली पाहिजे. फांदी तारेच्या बाहेरच्या अंगालाच ठेवायची. तारेमागे खोचली की पुढे जाड होऊन ती तिथेच अडकते आणि सोडवता येत नाही.

७ ऑगस्ट २०२२

चौथी फांदी अडीच मीटर झाली. तिला फुलाची कळी नाही, याचं विशेष वाटलं नाही. नव्या फांद्या पहिल्या वर्षी बहुधा फुलत नाहीतच. पण आज पावसाची उघडीप होती म्हणून जवळून पाहिलं आणि मनात चर्र झालं.

पानं फिकी, पातळ, चकाकी नसलेली. एका पानात पर्णिका, म्हणजे छोटी पानं, सात-नऊ. सातच्या पर्णिका असल्या की तो खुंटाचा रानफुटवा, असं सर्रास सांगतात, पण ते भरवशाचं नाही. कलमी गुलाबालाही सात पर्णिका येतात. मी पानाचा देठ फांदीला जिथे चिकटतो तिथे पाहिलं. तिथे दोन्ही बाजूंना हिरव्या पट्टीसारखी उपपर्णं असतात. आइसबर्गची पट्टी सरळ काठाची आहे. या फांदीची पट्टी कंगव्यासारखी दातेरी, प्रत्येक दात केसाएवढा बारीक. ही रोझा मल्टिफ्लोराची खूण. म्हणजे ज्या रानगुलाबाच्या खुंटावर माझं कलम बांधलं आहे तोच वर आला, आणि दोन महिने मी त्यालाच बांधून, सरळ करून, कौतुकाने वाढवत होते.

माती उकरली. फुटवा जोडाच्या खाली, मुळातून निघालेला. शेवटची शंका तिथे फिटली. कुठून निघाला, हेच खरं पाहायचं असतं. असा फुटवा कापायचा नसतो. कापला की तळाचे डोळे राहतात आणि एकाच्या जागी तीन येतात. हातमोजा घालून मुळाशी धरला आणि खाली ओढून उपटला. तळाच्या टाचेसकट निघाला. माती परत दाबली.

दोन महिन्यांची ताकद तिकडे गेली. यापुढे दर पंधरवड्याला बुंध्याशी बसून पाहायचं.

१६ ऑक्टोबर २०२२

आजचा दिवस वाईट गेला.

एक वर्ष झालं, फांद्या पुरेशा लांब झाल्या, म्हणून त्या आडव्या करायला घेतल्या. आडव्या का, तर उभ्या फांदीच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खाली उतरत राहतं आणि वाटेतल्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा वाढतो, फुलं तिथेच टोकाला येतात, खालचं खोड उघडं. फांदी आडवी केली की शेंड्याची ती पकड ढिली होते आणि फांदीभरचे डोळे फुटतात. प्रत्येक डोळ्याची एक छोटी फांदी, तिच्या टोकाला फुलांचा झुपका. वेलगुलाबाची भिंत भरते ती अशी.

सुरुवात उजवीपासून केली, कारण तीच सगळ्यांत रसरशीत, म्हणून वाकेल असं वाटलं. शेंड्याला धरून खाली आणत गेले. ती वाकत होती, अगदी सहज. दुसऱ्या तारेपर्यंत आली, आणि माझं सगळं लक्ष शेंड्याकडे असताना तळाशी ओली काडी मोडल्यासारखा बारीक आवाज आला. बुंध्यातून निघते तिथेच उकलली. अर्धी साल अजून धरून होती, आतलं हिरवट पांढरं लाकूड ओलं चमकत होतं.

आता कळतं ते असं. बुंध्यातून आलेली नवी फांदी मधे कितीही लवचीक असली तरी तिचा सांधा कोवळा असतो. वाकवताना एक हात सांध्याशी हवा, फांदी तिथे दाबून धरायची आणि वाक तिथून हातभर पुढे द्यायचा. आणि एका दिवसात आडवी करायची नाहीच. मी अडीच मीटरचं काम दहा मिनिटांत उरकायला निघाले होते.

सांधा जुळवला, कलमाची पट्टी घट्ट गुंडाळली, खाली काठीचा टेकू दिला. डावी आणि मधली तशाच उभ्या ठेवल्या. हात लावायचा धीर झाला नाही.

२८ ऑक्टोबर २०२२

उजवी वाळली. पानं आधी मऊ पडली, मग कडेने तपकिरी. जिवंत खोडापाशी स्वच्छ काप घेतला आणि बोर्डो मलम, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावलं. उघड्या कापातून वाळण खाली उतरली तर अख्खा बुंधा जातो.

२० नोव्हेंबर २०२२

डावीला आडवं केलं. तीन आठवडे लागले.

पहिल्या दिवशी फक्त पंधरा अंश. शेंड्याला सुतळी बांधून तिसऱ्या तारेला सैल ताण दिला आणि सोडून दिलं. चार-पाच दिवसांनी फांदीने तो बाक आपलासा केलेला असतो. सुतळी हाताने दाबली तर आधीसारखी ताठ लागत नाही. मग थोडी आणखी. दर वेळी एक तळवा सांध्यावर. आज ती दुसऱ्या तारेवर जवळजवळ आडवी आहे, शेंडा तळापेक्षा जरा वर. शेंडा खाली झुकू द्यायचा नाही, नाहीतर कमानीच्या माथ्यावरचा एकच डोळा सगळा जोर खेचतो.

मधलीला तसंच ठेवलं आहे. ती भिंतीच्या अगदी जवळून वर गेली आहे, वाक द्यायला जागा कमी. खरं सांगायचं तर भीती अजून गेलेली नाही.

१५ जानेवारी २०२३

दोन्ही फांद्या एकाच वयाच्या, एकाच मुळावरच्या, लांबी जवळपास सारखी : डावी २२० सेंमी, मधली २१० सेंमी. एक आडवी, एक उभी. ठरवून केलेला प्रयोग नव्हता, भीतीमुळे घडला. पण मोजायला हवं होतं, म्हणून मोजलं.

मधली, उभी : ५ फुटवे, पाचही शेंड्याच्या ४० सेंमीत. त्याखाली दीड मीटरहून जास्त उघडी काठी.

डावी, आडवी : १९ फुटवे. बुंध्यापासून पाऊण हात सोडला तर सलग, प्रत्येक पेराशी एक, आणि बहुतेक सगळे वरच्या अंगाने. सतरांना कळ्या आहेत.

पुस्तकात वाचलेलं होतं, तरी बोटाने एकेक फुटवा मोजत तारेच्या कडेने चालत गेले तेव्हा ते पहिल्यांदा पटलं. आईला हाक मारून पुन्हा मोजायला लावलं. तिचेही १९ च आले.

५ फेब्रुवारी २०२३

डावी फुलली आहे. लांबून पाहिलं की भिंतीवर कमरेच्या उंचीला पांढरी पट्टी ओढल्यासारखी दिसते. फुलं झुपक्यातली, एकेका झुपक्यात सहा ते नऊ.

झुपक्यातलं फूल गळायला आलं की तेवढंच खुडायचं. संपूर्ण झुपका संपला की मग तो खालच्या पहिल्या पाच पर्णिकांच्या, बाहेर तोंड केलेल्या पानापर्यंत कापायचा. बी धरू दिलं तर झाड पुढचा बहर लांबवतं. प्रत्येक बहरानंतर अर्धं घमेलं कंपोस्ट आणि भरपूर पाणी.

काट्यांबद्दल एक पाहिलेलं. काटा बोटाने बाजूला ढकलला तर तो टक्कन निघून येतो, मागे अंडाकृती गुळगुळीत डाग राहतो, लाकडाला धक्का नाही. लिंबाचा काटा असा निघत नाही, कारण तो बदललेली फांदी असतो, आतून जोडलेला. गुलाबाचा काटा नुसता सालीचा.

२४ जुलै २०२३

काळे ठिपके आले. झिरमिळ्या कडांचे, भोवती पिवळी कड. आइसबर्गला हा रोग धरतोच, आणि तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. पूर्वेचं ऊन ढगांपुढे काय करणार.

रोगट पानं तोडली, खाली पडलेलं एकेक पान वेचलं. बीजाणू गळलेल्या पानांत तग धरतात आणि पावसाच्या थेंबाबरोबर उडून वर येतात, म्हणून ती कंपोस्टमध्ये नाही, बागेबाहेर. जमिनीपासून ३० सेंमीपर्यंतची सगळी पानं काढून टाकली. मातीवर ६ सेंमी पाचोळ्याचं आच्छादन, बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी. बुरशीनाशक चांगल्या पानांवर मारलं. डाग पडलेलं पान कशानेही बरं होत नाही, फवारा असतो तो पुढच्या पानांसाठी.

याच पानांवर दुसरं एक दिसलं. कडेला नाण्याने कापल्यासारखे गोल तुकडे नाहीसे. कीड समजून फवारणार होते, तेवढ्यात ती आली : बारीक, करड्या रंगाची माशी. पानाच्या कडेवर बसली, काही सेकंदांत अर्धगोल कापला आणि तो पोटाखाली धरून उडाली. पानं कापणारी ही मधमाशी एकटी राहते आणि तुकडे गुंडाळून अंड्यांसाठी कप्पे करते. झाडाचं काही बिघडत नाही. फवारा ठेवून दिला.

१५ ऑक्टोबर २०२३

दोन वर्षं झाली. आज पहिली खरी छाटणी. सिकेटर स्पिरिटने पुसून घेतला.

डावीच्या प्रत्येक फुटव्याला तीन डोळे ठेवून कापलं. मुख्य फांदीला हात नाही. काप डोळ्याच्या अर्धा सेंमी वर, डोळ्याच्या उलट बाजूला उतरता.

मधली आता लाकूड झाली आहे, वाकणार नाही. तिला तसंच उभं राहू द्यायचं ठरवलं, पण शेंड्यातून निघालेले फुटवे दीड मीटर झाले आहेत आणि अजून लवचीक आहेत. त्यांतले दोन चौथ्या-पाचव्या तारेवर उजवीकडे नेले, हळूहळू, तळवा सांध्यावर ठेवून. उजव्या बाजूची वरची रिकामी जागा त्यांनी भरेल. खालची नाही.

१४ जानेवारी २०२४

डावीवर ३४ झुपके, उजवीकडे नेलेल्या दोन फुटव्यांवर १३. उजवा खालचा कोपरा अजून कोरा, तिथे नुसत्या दोन तारा.

३० जून २०२४

मोडलेल्या उजवीचा काप होता त्याच्या बोटभर शेजारी जांभळा कोंब आला आहे. माती बाजूला करून पाहिलं : जोडाच्या वरून निघालाय. उपपर्णांचा काठ सरळ, दातेरी नाही.

आज ११ सेंमी. शेजारी उजवीकडे कलती काठी रोवली आहे, हातभर झाला की तिला सैल बांधेन, म्हणजे कोवळेपणीच त्याला त्या कोपऱ्याचा रोख मिळेल. ऑक्टोबरपर्यंत याहून जास्त वाकवायचा नाही.